सूचना क्रमांक सात

आपल्या देशात ऊन असतं, ही बातमी मला पहिल्यांदा शेठनी दिली. तोवर माझी चोवीस वर्षं त्याच उन्हात गेली होती. वस्तीतल्या पत्र्याखाली मे महिना काढला होता, डांबर पायाला चिकटत असताना अनवाणी शाळेत गेलो होतो, पण हे ऊन बघायला लोक विमानानं येतात आणि त्यासाठी पैसे मोजतात हे मला ठाऊक नव्हतं. शेठ म्हणाले, "त्यांच्याकडे सहा-सहा महिने सूर्य दिसत नाही रे. आपल्याकडे फुकट पडलाय. तो विकायचा." आणि मी टाइपरायटरवर कागद चढवला.

शेठ म्हणजे आमच्या ट्रॅव्हल कंपनीचे मालक. नाशकात शालिमारजवळ एका सायकलच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. शेठ, एक गाइड, एक जीपवाला आणि मी एवढीच कंपनी. मी बी.ए. झालेला, इंग्रजी बरं, टायपिंगचा स्पीड चांगला. आणीबाणीतली गोष्ट. आमच्या वस्तीतून पँटमध्ये शर्ट खोचून ऑफिसला जाणारा मी तिसरा. आमच्या घराण्याची जात शेठना माहीत होती. आम्ही बौद्ध, हे मी अर्जातच लिहिलं होतं. तरी ऑफिसात माठ एकच होता, ग्लास एकच होता आणि शेठ माझ्यानंतर त्याच ग्लासातून न विसळता पाणी पीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी जो मूर्खपणा केला त्याला हा माठ बराचसा जबाबदार आहे.

परदेशी पाहुण्यांसाठी दोन पानी पत्रक काढायचं होतं. मथळा शेठचा, 'सूर्याच्या देशात आपलं स्वागत'. खाली बारा सूचना, त्या मी लिहायच्या, इंग्रजीत. पाणी उकळलेलंच प्या. कापलेली फळं रस्त्यावर घेऊ नका. टोपीशिवाय बाहेर पडू नका. उन्हानं चक्कर आली तर सावलीत पडा, डोक्यावर ओलं फडकं ठेवा, पाणी घोट घोट प्या. देवळात चप्पल काढा, डाव्या हातानं कुणाला काही देऊ नका, घाटावर स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो काढू नका. हे सगळं चार दिवसांत झालं. सातव्या सूचनेपाशी मात्र मी रंगात आलो. लिहिलं, "या भागात उन्हातून दारी आलेल्या माणसाला, तो ओळखीचा असो वा नसो, आधी गुळाचा खडा आणि पाणी देतात. संकोच न करता कोणत्याही घरी पाणी मागा. तुम्हाला कुणी नाही म्हणणार नाही."

शेठनी ते दोनदा वाचलं. "याला म्हणतात लिहिणं," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला फार आवडली. इतकी, की घरी जाताना मी नेहमीचा आडरस्ता सोडून मेन रोडनं रमतगमत गेलो.

आता कुणी विचारेल, की तू हे लिहिलंस ते कुणाच्या जोरावर? तर आईच्या. आमच्या दारी पोस्टमन आला, चिंध्यावाली आली, वर्गणीला कुणी कार्यकर्ता आला, तरी आई आधी वाटीत गूळ आणि पेल्यात पाणी आणायची. अख्ख्या वस्तीत तसंच होतं. म्हणजे मी खोटं लिहिलं नव्हतं. फक्त 'आमच्या वस्तीत' लिहायचं तिथं 'या भागात' लिहिलं. एवढा दोन शब्दांचा फरक, आणि तो करताना माझी बोटं अडखळलीसुद्धा नाहीत.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, म्युनिसिपालटीच्या बागेत माळी होते आणि त्या वर्षी नुकतेच रिटायर झाले होते. काटक माणूस. बोलणं कमी, आणि बोलले की समोरचा गप्प. त्यांची एकच चैन होती. पितळेचा फिरकीचा तांब्या. झाकण पिळून बंद केलं की उलटा धरला तरी थेंब सांडायचा नाही. कुठंही निघाले, लग्नाला, सभेला, दवाखान्यात, की तो भरलेला तांब्या खांद्यावरच्या पिशवीत असायचा. लहानपणी मला त्याची लाज वाटे. लग्नाच्या मांडवात सगळे पाणी मागून पितात आणि हे आपले पिशवीतून तांब्या काढतात.

त्यामागची गोष्ट मला आईनं सांगितली. आबांचं गाव त्र्यंबकच्या रस्त्याला, डोंगराच्या अंगाला. तिथं ते तरुणपणी दुसऱ्यांच्या खळ्यावर राबायचे. तहान लागली की मालकाच्या दारापुढं उकिडवं बसायचं, हनुवटीखाली दोन्ही हातांची ओंजळ धरायची, आणि घरातली बाई पायरीवर उभी राहून वरून पाणी ओतायची. भांड्याला हात लागता कामा नये. धार जोरात आली की पाणी नाकात जायचं. बोलून थांबवता येत नाही, तोंड भरलेलं असतं, म्हणून मान हलवायची. मान हलली की ओतणारी हसायची. धर्म बदलला त्या वर्षी आबांनी गाव सोडलं, नाशकात आले, पहिल्या पगारात भांडी बाजारातून हा तांब्या घेतला आणि आईला म्हणाले, "आता ह्ये हात पाण्यापुढं जोडायचे नाय. मरंन, पण जोडायचे नाय."

ते पाळलं त्यांनी. वीस वर्षं पाळलं. आणि मी, त्यांचा शिकलेला मुलगा, त्यांना त्याच डोंगराच्या अंगाला घेऊन गेलो.

आणीबाणी उठली त्याच उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, इंग्लंडचं एक जोडपं आलं. दोघंही रिटायर्ड शाळामास्तर. त्यांना डोंगरावरची जुनी लेणी पाहायची होती. आदल्या दिवशी गाइडला ताप भरला. शेठनी कपाळाला हात लावला, तेवढ्यात मी उत्साहानं बोलून गेलो, "माझ्या वडिलांना तो डोंगर पाठ आहे. लहानपणी तिथं गुरं चारलीत त्यांनी. मी बरोबर जातो, इंग्रजीचं बघतो." शेठ खूश. मी त्यांच्याहून खूश.

आबा मात्र नाही म्हणाले. "त्या अंगाला मी जात नाय, तुला ठावं हाय."

"आबा, तो जमाना गेला आता," मी म्हणालो. "आता तसं काही राहिलं नाही. आमच्या ऑफिसात बघा, एका माठातलं पाणी पितात सगळे."

"आफिसात," आबा म्हणाले. मग आईनं माझी बाजू घेतली. पोराची नोकरी आहे, साहेबापुढं बोलून बसलाय, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. आबांनी तांब्या खाली उतरवला आणि चिंच लावून घासायला बसले. म्हणजे होकार.

सकाळी सहालाच जीपनं आम्हाला पायथ्याशी सोडलं आणि जीपवाला बारा वाजता डांबरी रस्त्यावर येतो म्हणून दुसऱ्या भाड्याला गेला. आबांनी डोक्याला ओला पंचा गुंडाळला, सदऱ्याच्या खिशात कांदा ठेवला आणि तसाच एकेक कांदा दोघा पाहुण्यांच्या हातात दिला. बाईंनी विचारलं, हे कशासाठी? मी सांगितलं, ऊन बाधू नये म्हणून. त्या माझं पत्रक काढून बघायला लागल्या. त्यात कांदा नव्हता. शेठना तो गावंढळ वाटला होता.

चढण छान झाली. आबा पुढं, काठी टेकत. मध्येच थांबून एखादा पाला चुरून बाईंच्या नाकाशी धरायचे. भाषा कुणालाच कळत नव्हती आणि कुणाचं अडतही नव्हतं. मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. "हितं मी वाघरू पायलंय," असं त्यांनी एका घळीकडे बोट करून सांगितलं, आणि बाई घाबरल्याचं बघून खो खो हसले. लेणी पाहून झाली तोवर दहा वाजले होते. पाहुण्यांच्या दोन बाटल्या वरच संपल्या. त्यातली अर्धी मी प्यायलो होतो. मी स्वतः पाणी आणलंच नव्हतं. बारा सूचना लिहिणारा माणूस, रिकाम्या हातानं डोंगर चढला होता.

उतरताना त्या गृहस्थांची टोपी वाऱ्यानं दरीत गेली. अर्ध्या वाटेवर त्यांचा चेहरा तांबडालाल झाला, घाम थांबला, आणि ते बोलता बोलता मटकन खाली बसले. बाई रडवेल्या झाल्या. हातातलं पत्रक उघडून त्या मोठ्यानं वाचायला लागल्या, सावलीत न्या, डोक्यावर ओलं फडकं ठेवा. आबांना इंग्रजी कळत नव्हतं, पण बाईंचं वाचून होण्याआधीच त्यांनी त्या माणसाला करवंदीच्या जाळीआड ओढलं होतं. स्वतःच्या डोक्याचा पंचा सोडला. पिशवीतून तांब्या काढला, फिरकी उघडली, अर्धं पाणी पंच्यावर आणि डोक्यावर ओतलं, आणि उरलेलं त्याच्या तोंडाला तांब्या लावून घोट घोट पाजलं. तो इंग्रज माणूस आबांच्या तांब्याला तोंड लावून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. उकळलेलं नव्हतं.

अर्ध्या तासानं तो उठला. पंचा आबांनी त्याच्याच डोक्यावर राहू दिला. स्वतः उघड्या डोक्यानं, रिकामा तांब्या पिशवीत टाकून चालू लागले. मी विचारलं, "तुम्हाला तहान नाही लागली?" ते म्हणाले, "चल खाली. बोलू नगं, तोंड सुकतं."

डोंगराच्या पायथ्याशी एक शेतकऱ्याचं घर होतं. शेठच्या ओळखीचं. पाहुण्यांना खेड्यातलं घर दाखवायला गाइड त्यांना तिथं नेत असे. बैल बघायचे, चूल बघायची, गूळपाणी घ्यायचं. पाहुण्यांच्या लेखी सातव्या सूचनेतलं घर म्हणजे हेच. आम्ही पोचलो तेव्हा टळटळीत बारा वाजले होते.

ओसरीवर बाज होती. पाहुणे बसले, त्यांच्याशेजारी मी बसलो. पँट-शर्ट, हातात डायरी, तोंडात इंग्रजी. घरातली सून लगबगीनं ताटलीत गूळ आणि स्टीलचे तीन ग्लास घेऊन आली. आबा अंगणातल्या कडुनिंबाखाली उभे राहिले. चप्पल त्यांनी अंगणाच्या कडेलाच काढली होती. मी म्हणालो, "आबा, या ना वर." त्यांनी हातानंच, बस तू, अशी खूण केली. मी बसलो. ग्लास तोंडाला लावला. अर्धा झाला होता, तेव्हा बाकावर बसलेला घरचा म्हातारा डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "कोण हाय रे त्यो निंबाखाली? वळखीचा वाटतो."

आबांनी नाव सांगितलं. मग बापाचं नाव सांगितलं.

"आरं तू व्हय!" म्हातारा खरोखर आनंदला. हे कुणाला खरं वाटणार नाही, पण त्याचे डोळे पाणावले. "तुझा बाप आमच्या खळ्यावर होता. लय राबला बिचारा. कुठं आसतोस? नाशकाला? बरं हाय ना?" मग सुनेला हाक मारून म्हणाला, "आगं, त्याला पाणी दे. उन्हातून आलाय."

सून आत गेली आणि माठावरच्या तांब्यात पाणी घेऊन आली. ग्लास नव्हता. ती पायरीवर उभी राहिली, तांब्या थोडा कलता केला आणि थांबली. आता आबांनी पुढं यायचं, उकिडवं बसायचं आणि हात जोडायचे. तिच्या चेहऱ्यावर वाईट भाव काही नव्हता. तिला दुसरं काही माहीतच नव्हतं.

आबांनी तांब्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, कोपऱ्यांत थुंकी वाळली होती. मी ते पाहिलं. मी सगळं पाहिलं. ते म्हणाले, "नगं माय. तहान नाय."

"घे रे, लाजतोस काय," म्हातारा म्हणाला. आणि मग त्याची नजर माझ्याकडे वळली. "आन् ह्यो?"

"ल्योक माझा," आबा म्हणाले.

ओसरीवर सगळं थांबलं. सुनेनं माझ्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं, म्हाताऱ्यानं पाहिलं, मी पाहिलं. ग्लास खाली ठेवता आला असता. उठून अंगणात जाऊन आबांच्या शेजारी उभं राहता आलं असतं. ग्लास तसाच नेऊन त्यांच्या हातात देता आला असता, कुणी माझा हात धरला नसता. मी यातलं काही केलं नाही. परक्या लोकांसमोर तमाशा नको, शेठचं नाव खराब व्हायला नको, असं काहीतरी डोक्यात आलं, पण ते नंतर जुळवलेलं असेल. खरं कारण म्हणजे मला तहान लागली होती. पाणी इतकं गार होतं की दात ठणकले. माठात वाळा घातलेला होता, त्याचा वास घशातून खाली उतरत होता. उरलेला अर्धा ग्लास मी एका दमात संपवला. इतकं चांगलं पाणी मी जन्मात प्यायलो नव्हतो.

आबा माझ्याकडेच बघत होते.

ग्लास माझ्या हातात असतानाच बाईंनी एक फोटो काढला. निघताना त्यांचं लक्ष चुलीकडे गेलं. सून तिथून चिमट्यात निखारा धरून आली होती. ओसरीच्या कठड्यावर माझा ग्लास एकटाच ठेवला होता. पाहुण्यांचे दोन आत गेले होते. तिनं निखारा माझ्या ग्लासात टाकला, हलवला, आणि ग्लास पालथा केला. बाईंनी कुतूहलानं मला विचारलं, ही काय करते आहे?

मी सांगितलं, "भांडं स्वच्छ करायची इथली रीत आहे."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

डांबरी रस्ता तिथून अर्धा मैल. जीप आलेली नव्हती. सावलीला एक झाड नाही. आबा मैलाच्या दगडावर बसले. त्यांच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. मी म्हटलं, आबा, बरं वाटत नाही का? ते म्हणाले, "नळ बंद कर आधी. गुलाबाची मुळं कुजतील." मला क्षणभर कळेना, कुठला नळ. मग ते दगडावरून कलंडले.

मी तांब्या घेऊन पळालो. त्या घराकडे, दुसरं घरच नव्हतं. सुनेला म्हणालो, पाणी, वडील पडलेत. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. धावत कळशी आणली, मी तांब्या जमिनीवर ठेवला, तिनं वरून, हात न लावता, काठोकाठ भरला. धार अगदी सरळ पडली. "तवाच प्यायला पायजे हुतं की वो त्यांनी," ती हळहळली. आणि मी भरला तांब्या घेऊन पळत असताना माझ्या डोक्यात काय यावं? तर हेच, की तुम्हाला कुणी नाही म्हणणार नाही. माझं वाक्य. शब्दन् शब्द बरोबर होतं ते.

आबांची दातखीळ बसली होती. पाणी ओठांवरून ओघळून मातीत गेलं. त्या इंग्रज माणसानं डोक्यावरचा पंचा काढून आबांच्या डोक्यावर ठेवला आणि बाई आपली टोपी त्यांच्या तोंडावर सावलीला धरून बसल्या. जीप पाऊण तासानं आली.

आबा अकरा दिवस दवाखान्यात होते. जगले. पण ऊन मूत्रपिंडाला लागलं होतं. पाय सुजायला लागले, चेहरा सुजायला लागला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, यापुढं पाणी मोजून. दिवसाला एक तांब्याभर, जास्त नाही. आईनं सकाळी तो पितळी तांब्या भरून त्यांच्या उशाशी ठेवायचा आणि त्यांनी तो रात्रीपर्यंत पुरवायचा. ज्या माणसानं पाण्यासाठी कुणापुढं हात पसरायचा नाही म्हणून तांब्या घेतला, त्याला त्याच तांब्याचं माप लागलं. माझा देवावर विश्वास नाही. असता, तर त्याला मी शिव्या घातल्या असत्या.

आईनं मला फार विचारलं नाही. एकदाच भाकरी थापता थापता म्हणाली, "तू तिथंच होतास ना?" मी हो म्हणालो. तिनं भाकरी उलटली. परत कधी तो विषय काढला नाही.

दोन महिन्यांनी इंग्लंडहून पत्र आलं. बाईंनी लिहिलं होतं, तुमच्या पत्रकानं माझ्या नवऱ्याचा जीव वाचवला. त्या वृद्ध गृहस्थांची प्रकृती कशी आहे? आणि सातव्या सूचनेत लिहिलंय तसं आदरातिथ्य आम्ही जगात कुठं पाहिलं नाही. सोबत तो फोटो. बाजेवर मी, हातात ग्लास. मागं कडुनिंबाखाली आबा, थोडे पुसट. शेठनी पत्र आणि फोटो एकाच चौकटीत बसवून माझ्या टेबलाच्या वर टांगला. येणारा-जाणारा म्हणायचा, वा, फोटो छान आलाय तुमचा.

त्याच हिवाळ्यात पत्रक पुन्हा काढायचं ठरलं. मी सातवी सूचना बदलून लिहिली. फार काही नाही, दोन ओळी. इथं पाणी सर्वांना देतात, पण सर्वांना सारखं देत नाहीत. तुमच्याबरोबर जो वाटाड्या असेल त्याला कसं दिलं जातं ते बघा, आणि त्याच्यासाठी जास्तीचं पाणी जवळ ठेवा. माझ्या मते हीच खरी सुरक्षिततेची सूचना होती.

शेठनी वाचलं. चिडले नाहीत. उलट दार लावून घेतलं आणि मला समजावलं. "मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. मी मानतो का काही? आपल्या ऑफिसात माठ एकच आहे की नाही? पण परक्या माणसापुढं घरातलं कशाला काढायचं? ते चार दिवस येतात, चांगलं बघायला येतात. हे काय पंचनामा आहे का, सगळं खरं लिहायला?" मग जरा थांबून म्हणाले, "शिवाय, 'नाही' असं काही कुणी म्हणालं नव्हतं तुझ्या वडिलांना. त्यांनीच घेतलं नाही."

मला त्यांच्या तोंडावर राजीनामा मारता आला असता. घरी आबांचं औषध होतं, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, आणि इंग्रजी टायपिस्ट नाशकात पैशाला पासरी होते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही मला पुरत नाही. मी स्टेन्सिल चढवला आणि सातवी सूचना जुनी होती तशीच्या तशी टाइप केली. 'सूर्याच्या देशात' हा मथळाही तसाच ठेवला. कांदासुद्धा घातला नाही.

पुढं मी ती नोकरी सोडली, सरकारी परीक्षा दिली, कारकून झालो. ऐंशी सालानंतर इंदिरानगरला दोन खोल्यांचं घर बांधलं. तेव्हा तिकडं सगळं माळरानच होतं. नवीन शेजारी यायचे, आमच्याकडे बसायचे, आणि चहाआधी आडनाव विचारायचे. काही चहा घ्यायचे. काहींना आत्ताच झालेला असायचा. आई गूळपाणी आणून ठेवायची, आणि ते गेल्यावर न शिवलेला पेला उचलून आत न्यायची. मला ओरडावंसं वाटायचं. ती म्हणायची, "आपण द्यायचं काम करावं."

आबांचा शेवटचा उन्हाळा त्याच घरात गेला. मागच्या पडवीत त्यांची खाट होती. त्यांनी स्वतः लावलेला कडुनिंब अजून कमरेएवढाच होता, सावली नव्हती. दुपारचे तीन वाजले असतील. मी कचेरीतून लवकर आलो होतो. उशाशी तांब्या रिकामा होता आणि रात्र व्हायला वेळ होता. डॉक्टरांचं ऐकू नये, द्यावं यांना पोटभर, असं वाटत होतं, आणि देण्याची हिंमत होत नव्हती. मी ओलं फडकं त्यांच्या ओठांवरून फिरवलं. त्यांनी फडक्याचं टोक ओठांत धरलं आणि चोखलं, मग सोडलं.

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. त्यांना आठवत नसावं, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

छताकडे बघत ते म्हणाले, "त्या घरचं पाणी कसं हुतं रे? गार हुतं का?"

माझ्या घशात वाळ्याचा वास आला. शपथेवर सांगतो, आला.

"नाही आबा," मी म्हणालो. "कोमट होतं. मचूळ."

त्यांनी मान हलवली.

"मग बरं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.